शुक्रवारचा पेशंट

शुक्रवारी रात्री दोघांनी चादरीत उचलून दवाखान्यात आणलेला कुत्रा सोमवारीच आजारी पडलेला असतो. सोमवारी त्यानं पोळी हुंगून सोडली. मंगळवारी तो मोरीच्या गार फरशीवर पडून राहिला. बुधवारी घरात कुणीतरी म्हणालं, "उकाड्यानं असेल, उद्या बघू." गुरुवारी हिरड्या पांढऱ्या पडल्या, पण गुरुवारी कामावर दांडी मारणं शक्य नव्हतं. शुक्रवारी नाकातून रक्त आलं आणि मग रिक्षासाठी पळापळ झाली. गोचीडतापाची ही हकिगत कुठल्याही पशुवैद्याला विचारा, तो वारांसकट सांगेल.

हाच कुत्रा सोमवारी आला असता तर काय लागलं असतं? रक्ताची एक तपासणी आणि डॉक्सिसायक्लिन. जुनी, स्वस्त, माणसांच्या औषधदुकानातही मिळणारी गोळी. हा ताप आणणाऱ्या एर्लिकियाच्या जंतूवर ती चालते, साधारण चार आठवडे न चुकता द्यावी लागते, आणि वेळेवर सुरू झाली तर कुत्रा पहिल्या दोन-तीन दिवसांतच शेपूट हलवायला लागतो. शुक्रवारी त्याच कुत्र्याच्या प्लेटलेट्स तळाला गेलेल्या असतात. सलाईन लागतं, कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं, रात्रभर कुणीतरी शेजारी बसावं लागतं. आजार तोच आणि कुत्राही तोच, बिलावर मात्र एक शून्य वाढलेलं. एवढं करून तो वाचेलच, असं कुणी सांगू शकत नाही.

मधले चार दिवस कुठे गेले, हे आजच्या सदरात विचारायचं आहे.

"झेपत नाही तर पाळता कशाला?" हे उत्तर मला आता ऐकवत नाही. ते देणाऱ्याच्या दाराशी बहुधा गाडी उभी असते. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत मांजर येते ती उंदरांसाठी, आणि वर्षभरात ती घरातली होते. वॉचमनच्या केबिनबाहेर कुत्रा बसतो तो रात्रपाळीच्या सोबतीला. पत्र्याच्या शेडमागे बांधलेल्या दोन शेळ्या ही त्या घरातल्या बाईची बचत असते. ही माणसं आपल्या ताटातलं काढून जनावराला घालतात. प्रेम कसं करावं, हे त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांना दवाखाना द्या.

आणि तो जवळ द्या. आजारी कुत्रा बघितला की रिक्षावाला मान हलवतो, थांबलाच तर दुप्पट मागतो. बसचा प्रश्नच नाही. पंचवीस किलोचा, उभा न राहणारा कुत्रा लोक स्कूटरवर नेतात, मागे बसलेल्याच्या मांडीवर आडवा टाकून. बाजाराच्या पिशवीत घातलेली मांजर हॉर्नच्या आवाजानं बिथरते, नखांनी पिशवी फाडते आणि भर चौकात उडी मारून दिसेनाशी होते. हे सगळं करून चार-पाच किलोमीटर जायचं, तेही डॉक्टर असतील की नाही याची खात्री नसताना. मग "उद्या बघू" म्हणणारा माणूस निष्काळजी नसतो. त्यानं जाण्यायेण्याचा, बुडणाऱ्या रोजाचा आणि बिलाचा हिशोब केलेला असतो, आणि हिशोब बसलेला नसतो.

बिलाबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. केस कापायच्या दुकानात भिंतीवर दर लिहिलेले असतात. वडापावच्या गाडीवरही असतात. प्राण्यांच्या बहुतेक दवाखान्यांत ते दिसत नाहीत. तपासणीचे किती, लसीचे किती, नसबंदीचे किती, जखम शिवायचे किती, हे आत गेल्यावर, टेबलावर जनावर ठेवल्यावर कळतं. तेव्हा "नको, परत नेतो" म्हणणं कुणाच्याही जिवावर येतं. म्हणून गरीब माणूस आत पाऊलच टाकत नाही. तीनशे रुपये लागतील असं आधी कळलं तर तो तीनशे घेऊन येतो, नसतील तर शेजाऱ्याकडून उसने घेऊन येतो. काहीच कळलं नाही तर घरी बसतो. दरफलक लावायला डॉक्टरला एक पैशाचं यंत्र लागत नाही. तो न लावण्याचं एकही पटणारं कारण मला आजवर कुणी दिलेलं नाही.

चकचकीत साखळी-दवाखान्यांशी माझं भांडण त्यांच्या यंत्रांवरून नाही. मोडलेल्या मांडीच्या हाडाला प्लेट बसवायची, निकामी होत चाललेलं मूत्रपिंड सांभाळायचं, तर मोठं रुग्णालय हवंच. २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं छोट्या प्राण्यांचं पाच मजली रुग्णालय सुरू झालं, ही शहरासाठी चांगली गोष्ट झाली. माझा राग आहे तो साध्या दुखण्याला मोठ्या दुखण्याचे कपडे चढवण्यावर. खरूज झालेल्या कुत्र्याची कातडी थोडी खरवडून काचेवर घ्यावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघावी, पुष्कळदा उत्तर तिथंच मिळतं. जंत झालेल्या पिल्लाला वजन करून जंताचं औषध द्यावं, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावं. त्याऐवजी दारातच चाचण्यांची यादी आणि वर्षाचं पॅकेज हातात ठेवणं म्हणजे मालकाच्या घाबरलेपणातून पैसे काढणं. ज्याला परवडतं तो एकदा देतो. ज्याला परवडत नाही तो पुढच्या वेळी शुक्रवारपर्यंत थांबतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावू लागली होती. शहराचा सगळा बोजा तेव्हा घोडे आणि बैल ओढत होते. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावानं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये तिथंच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जनावर आजारी पडलं तर शहर थांबेल, हे त्या पिढीला कळत होतं. पुढे ट्रामचे घोडे गेले, बैलगाड्या गेल्या, शहर विरार, कल्याण, पनवेलपर्यंत पसरलं. इस्पितळ परळलाच राहिलं. आजही लोक दुरून तिथं येतात, कारण तिथले दर झेपतात. एकोणिसाव्या शतकातल्या एका दानशूर पारशी माणसानं जेवढं केलं, त्याच्या पुढं प्रत्येक उपनगरात एकेक छोटा दवाखाना काढणं या शहराला दीडशे वर्षांत जमू नये?

गावाकडे निदान रचना तरी आहे. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, अनेक तालुक्यांत लघु सर्वचिकित्सालय आहे. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरवला की फिरतं पथक गोठ्यापर्यंत यावं अशी योजना आहे. एक लाख पशुधनामागे एक पथक, असा केंद्राच्या या योजनेचा निकष. पदं रिकामी असतात, औषधं संपतात, गाडी उशिरा येते, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर वेगळं लिहायला हवं. पण गाय अडली तर कुणाला फोन करायचा, हे शेतकऱ्याला माहीत असतं. शहरातल्या मांजरीची लघवी अडली तर? बोक्याची लघवी तुंबली की हातात फार तर एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात नळी घालून मोकळी केली नाही तर तो मरतो, आणि अतिशय वेदना सोसून मरतो. त्या वेळी घरातल्या माणसानं सरकारच्या कुठल्या दाराशी जायचं?

खरी गोम इथं आहे. पशुवैद्यकीय सेवा हा राज्यघटनेप्रमाणे राज्याचा विषय. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचं लक्ष गाई-म्हशींवर, शेळ्या-कोंबड्यांवर, आणि ते असायलाही हवं. महापालिकेला कुत्रा दिसतो तो उपद्रव म्हणून. त्याला पकडायचं, २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि परत सोडायचं. या दोन खात्यांच्या मधोमध शहरातल्या कष्टकऱ्याच्या घरचा आजारी कुत्रा आणि आजारी मांजर उभी आहे. ती कुणाच्याच टेबलावर येत नाही. माणसांसाठी पालिकेचा दवाखाना वॉर्डावॉर्डात असतो, तो असावा यावर कुणी वाद घालत नाही. प्राण्यांसाठी तसाच हवा म्हटलं की "आधी माणसांचं बघा" असं सुनावलं जातं.

माणसांचंच बघू या. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. यातले बहुसंख्य मृत्यू कुत्र्याच्या चाव्यानं होतात. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते, हे जगभर मानलं गेलेलं प्रमाण आहे. आता घरी आणलेल्या पिल्लाला तिसऱ्या महिन्यात ही लस द्यायची, पुढे दरवर्षी द्यायची, तर दवाखाना कुठं असावा? पाच किलोमीटरवर, की भाजी घ्यायला जातो त्या रस्त्यावर?

गोव्यानं याचं उत्तर दिलेलं आहे. तिथं सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून लस वाड्यावाड्यांत नेली. जाळी घेतलेली पथकं गल्लीबोळात फिरली, घरच्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना जागच्या जागी टोचत गेली, कुठल्या रस्त्यावर किती झाले याची नोंद मोबाइलवर होत गेली, शाळांत मुलांना चावा टाळण्याचे आणि चावल्यावर जखम साबणानं धुण्याचे धडे दिले गेले. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, असं २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं आहे. त्याआधी २०२१ मध्येच राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं होतं. गोव्यात कुत्रा लसीकडे गेला नाही, लस कुत्र्याकडे गेली. सिंधुदुर्गाच्या सीमेला लागून घडलेली ही गोष्ट आमच्या महापालिकांना दिसत नसेल, तर त्यांनी बघितलेलीच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, अकरा दिवसांनी तो आदेश बदलला, आणि देशभर रान पेटलं. कुत्र्यांना खाऊ घालणारे एका बाजूला, चावा घेतलेली माणसं दुसऱ्या बाजूला. दोघांच्या ओरडण्यात दवाखान्याचा विषय मला क्वचितच ऐकू आला. पाळलेली कुत्री नसबंदीवाचून राहतात, त्यांची नको असलेली पिल्लं बाजाराच्या मागे पोत्यात सोडली जातात, त्यांतून उद्याची भटकी कुत्री तयार होतात. घराजवळ परवडणारी नसबंदी झाली असती तर ते पोतं भरलंच नसतं.

नसबंदीवरून आठवलं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करू" हा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना हात जोडून विनंती: गप्प बसा. एकदा पिल्लं झाल्यानं मादीच्या तब्येतीला काही फायदा होतो, याला आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पुढे पू होण्याचा धोका राहतो. माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ती खूप पाणी प्यायला लागते, मलूल होते, कधी मागून घाण स्राव येतो, कधी काहीच येत नाही आणि पू आतच साठतो. मग रात्रीतून शस्त्रक्रिया करावी लागते, विषबाधा झालेल्या देहावर, दुप्पट-तिप्पट खर्चात. हे सगळं टाळणारी साधी शस्त्रक्रिया ती तरुण आणि धडधाकट असताना होते.

आणि दवाखाना लांब असला की जवळ काय असतं? औषधाचं दुकान. काउंटरवरचा मुलगा चांगल्या मनानं सांगतो, "ताप आहे ना, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्या." मांजरीसाठी ते विष आहे. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीनं मांजर मरते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला मारतात. हे वाचून कापून ठेवा आणि तुमच्या औषधवाल्याला दाखवा. दुकानदारांवर खापर फोडून मी मोकळा होणार नाही. लोक त्यांच्याकडे जातात, कारण रात्री नऊला उघडं असलेलं तेवढंच एक दार असतं.

पेट शॉपमध्ये लस टोचून घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार करायला नोंदणी लागते. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली लागते. दुकानाच्या शोकेसमधून काढलेली कुपी म्हणजे पाण्याची सुई असू शकते. लसपुस्तिकेत कुपीवरचं लेबल चिकटवलेलं, तारीख आणि सही घातलेली नसेल तर ती लस झाली असं धरू नका. पार्व्हो झालेलं, रक्ताचे जुलाब करणारं पिल्लू ज्यानं एकदा बघितलं आहे, तो हे विसरत नाही.

आता डॉक्टरांच्या बाजूनं. स्वस्त सेवा म्हणजे डॉक्टरनं उपाशी राहून दिलेली सेवा, अशी आपली समजूत झालेली आहे आणि ती दुष्ट आहे. आंतरवासितेसह साडेपाच वर्षं शिकून बाहेर पडलेली मुलगी गाळ्याचं भाडं देते, मदतनिसाचा पगार देते, चावे आणि ओरखडे खाते. सोसायटीवाले तिला गाळा देत नाहीत, कारण भुंकण्याचा त्रास होईल. त्याच सोसायटीखाली रात्री बारापर्यंत भांडी आपटणारं हॉटेल चालतं. रस्त्यावरचा जखमी कुत्रा आणून टाकणारा प्राणिमित्र "सेवा आहे डॉक्टर" म्हणून बिल न देता निघून जातो आणि फोटो मात्र समाजमाध्यमांवर टाकतो. ज्यानं उचलून आणलं त्याचं मन मोठं आहे, मान्य. मग औषधाचे पैसेही त्यानं द्यावेत, निदान चार जणांकडून गोळा करावेत. जनावरांच्या दवाखान्यातल्या उपचारांवर जीएसटी नाही, सरकारनं एवढी सवलत दिलेली आहे. खर्चाचा खरा भार भाड्यात आहे, आणि भाडं कमी करणं पालिकेच्या हातात आहे.

पालिकेकडे खोल्या आहेत. पटसंख्या घटलेल्या शाळांचे रिकामे वर्ग आहेत. जकात बंद झाल्यापासून ओस पडलेले नाके आहेत, आणि ते नेमके शहराच्या त्या कडेला आहेत जिथं नव्या वस्त्या वाढल्या आणि दवाखाना पोचला नाही. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा महाविद्यालयांतून दरवर्षी तरुण पशुवैद्य बाहेर पडतात. नाममात्र भाड्यानं खोली द्या, अट एकच घाला: दर ठरलेले, फलकावर लिहिलेले. पोलादी टेबल, वजनकाटा, सूक्ष्मदर्शक, लसींचा फ्रिज आणि त्याला विजेची पर्यायी सोय, सलाईनचे दोन स्टँड. एक्स-रे आणि मोठ्या शस्त्रक्रिया प्रत्येक खोलीत नकोत. त्यासाठी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं, माणसांच्या दवाखान्यातून पाठवतात तसंच. महापालिकेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधायला भिंग लागेल, इतकी ती छोटी असेल.

पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले तर गटार आणि पाण्याबरोबर हेही विचारा. आपल्या प्रभागात जनावराचा दवाखाना कुठल्या खोलीत काढणार, आणि कुठल्या महिन्यापर्यंत? "बघू" हे उत्तर घेऊ नका. खोलीचा पत्ता मागा.

फलकाचा मजकूर मी आजच लिहून देतो, पालिकेनं फक्त रंगवून घ्यावा. केसपेपर २० रुपये. रेबीजची लस मोफत. नसबंदीचा दर खाली लिहिलेला, तारीख आत विचारा. रस्त्यावरच्या प्राण्यावर प्रथमोपचार मोफत. मांजर झाकलेल्या टोपलीत आणा, टोपली नसल्यास इथून घेऊन जा. वेळ संध्याकाळी ५ ते ९. रविवारी चालू, सोमवारी चालू.